रद्दीतला रशिया

आमच्या घरात भाताआधी खळ शिजायची. सकाळी चुलीवर पहिलं पातेलं चढायचं ते मैद्याचं, आणि त्यात अम्मी चिमूटभर मोरचूद टाकायची, उंदराझुरळांनी कागद खाऊ नये म्हणून. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याच्या काठाला तिनं तार गुंडाळून ठेवली होती. न बघता हात घातला तरी कळावं की हे खायचं भांडं नव्हे. त्या खळीचा कोमट, आंबूस वास गोधड्यांना यायचा, माझ्या शाळेच्या सदऱ्याला यायचा. वर्गातली पोरं नाक धरून म्हणायची, "आला रे ताबूत!" मी त्यांच्याबरोबर हसायचो. समोरच्याबरोबर हसून मोकळं व्हायची सवय मला तेव्हापासूनच होती. आता माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि दिवसभर शाईचा वास नाकात असतो, पण त्या वासाला काहीच चिकटत नाही. लग्नाच्या पंगतीत कढी जरा दाट झाली की मात्र मी ताट बाजूला सारतो, आणि बायको विचारते काय झालं, तर आंबट आहे म्हणून सांगतो.

अब्बा म्हणजे उस्मानभाई, श्रीरामपुरातले कामट्यांचे कारागीर. बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या सोलायच्या, सुतळीनं बांधून सांगाडा उभा करायचा, त्यावर मांजरपाट, मांजरपाटावर कागद, कागदावर रंग. मोहरमला ताबूत, लग्नसराईत कमानी, शाळांच्या गॅदरिंगला राजवाडे आणि जंगलं, आणि गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळाचा देखावा. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, मराठीत बुडवून काढलेली. इथे मी ती मराठीतच लिहितोय, कारण अब्बांचा दिवस बाहेर जायचा आणि बाहेर ते इथल्या कुणाही शेतकऱ्यासारखं बोलायचे. चोंगे आणि शरबत हे मोहरमचं खाणं, आणि खोबऱ्याची खिरापत हे गणपतीचं; दोन्ही आमच्या घरी एकाच पितळी डब्यात यायचं. देखावा उघडायच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष अण्णा, ज्यांचं कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं, नारळ फोडायचे आणि गर्दीत बघून हाक मारायचे, "उस्मानभाई, ओढा!" मग अब्बा चपला काढायचे, हात सदऱ्याला पुसायचे आणि पडद्याची दोरी ओढायचे. बाहेरच्या कमानीवर लिहिलेलं असायचं, 'देखावा : उस्मानभाई'. आठवीपासून ती अक्षरं मी रंगवत होतो. अब्बांच्या आयुष्यात मोठं म्हणावं असं तेवढंच होतं. हे मला त्या वयात कळत नव्हतं, असं लिहिणार होतो. खोटं आहे. चांगलं कळत होतं.

रशिया आमच्याकडे रद्दीतून आला. गावातले एक जुने कॉम्रेड वारले आणि त्यांच्या पोरांनी घर आवरताना रशियन मासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीवाल्याकडे टाकले. मासिकं मराठीत छापलेली होती, कागद जाड आणि गुळगुळीत. रद्दीवाला ते किराणावाल्यांना द्यायचा सोडून अब्बांकडे घेऊन आला, कारण त्या कागदाचं कातरलेलं फूल वाकत नाही, हे त्याला माहीत होतं. त्या वर्षीचा ताबूत रशियावर उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल. ट्रॅक्टरवर बसून हसणाऱ्या बायांचे गाल कातरीखाली जायचे आणि मोगरा होऊन बाहेर पडायचे. गव्हाची शेतं झेंडू व्हायची. अम्मी कातरता कातरता एखादं चित्र उलटं-सुलटं करून बघायची आणि म्हणायची, "या बायांच्या तोंडावर एक सुरकुती नाही. यांना सासवा नसतील." अब्बा म्हणायचे, "सरकारच सासू असंल तिकडं."

कातरीच्या आधी गठ्ठा मी चाळायचो. मला हवी ती चित्रं काढून मी ती ट्रंकेच्या मागे सारून ठेवायचो. काळ्या लाखेच्या डब्या, त्यांवर तीन घोड्यांची गाडी बर्फातून पळतेय आणि घोड्यांच्या आयाळी जाळासारख्या लाल. लाकडी घरांच्या खिडक्या, आणि खिडकीभोवती अशी कोरीव चौकट की बाई नटून दारात उभी राहिल्यासारखी. पांढऱ्या टॉवेलावर लाल दोऱ्याचा कोंबडा. सोनेरी पाठीवरचे काळवंडलेले संत, ज्यांचे डोळे ताबुतापुढे रडणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या बायांसारखे होते. आणि चर्चेस. कांद्यासारखे घुमट असलेली, एकावर एक, लहानामोठ्या भावंडांसारखी खेटून उभी असलेली चर्चेस. चित्राखालच्या मराठीला कुणाच्याच घरचा वास नव्हता. तिथे जनता, वारसा, आत्मा असे शब्द नुसते रांगेत उभे असायचे. पण एक गोष्ट प्रत्येक पानावर पुन्हापुन्हा सांगितलेली असायची, की हे बघा, हे आम्ही आहोत. ही वीट, हा रंग, ही खिडकी, हे छप्पर म्हणजे आम्ही. एवढ्या खात्रीनं कुणी 'आम्ही' म्हणू शकतं, याचं मला नवल वाटायचं.

ती चित्रं मी साळवे सरांना दाखवली. सर आम्हाला चित्रकला शिकवायचे. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि सोमवारी आमच्या वह्यांतल्या घागरी दुरुस्त करायचे. मला नगरला चित्रकलेच्या डिप्लोम्याला घालायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते म्हणाले, "छपरं बघ, छपरं. माणूस कुठला ते पागोट्यावरून कळतं, देश कुठला ते छपरावरून. घुमट काय, तो सगळीकडेच आहे. पण यांच्याकडे बर्फ. सपाट राहिलं तर साचणार. म्हणून यांनी टोक काढलं, ज्योतीसारखं केलं, असं म्हणतात. शिकले कुणाकडून का असेनात, आता बघितलं की दुसऱ्या कुणाचं वाटतं का सांग." नाही वाटत, मी म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि खडूची पाच बोटं माझ्या सदऱ्यावर राहिली.

त्या दिवसापासून मी गावातली छपरं बघत हिंडू लागलो. आमच्या घरावर पत्रा होता, शेजारीही पत्रा. नगरला गेलो की एसटीतून जुने घुमट दिसायचे, काळे पडलेले, भेगांतून पिंपळ उगवलेले. (नगरच म्हणतो मी अजून. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, आणि कंडक्टरही दोन्ही नावांनी हाका मारतात.) एकदा मी अब्बांना विचारलं, "ते घुमट आपले का?" अब्बा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते मेलेल्यांचे." देवळाचं शिखर आमचं नव्हतं. मशिदीचा घुमट आमचा होता, पण तो आमचा म्हणून चित्रात काढायला मला नको वाटायचा. त्यावर वर्गात लगेच कुणीतरी काहीतरी बोलायचं. रशियाचा घुमट आमच्या गावात कुणाचाच नव्हता. म्हणून तो मला माझा वाटला. पुठ्ठ्यातून तसली नक्षी कापून मी आमच्या खिडकीला रशियन चौकट लावली, निळी आणि पांढरी. अम्मी म्हणाली, "आता बर्फ पडायचा तेवढा राहिला." पण पहिल्या भुरभुरीत पुठ्ठा फुगून गळून पडेपर्यंत तिनं ती काढू दिली नाही.

अब्बांना त्या चित्रांतलं एकच आवडलं, आणि ते फारच आवडलं. एका बेटावरचं लाकडी चर्च, घुमटांवर घुमट, आणि खाली लिहिलं होतं की ते एकही खिळा न ठोकता उभं केलंय. मी वाचून दाखवल्यावर अब्बांनी हातातला कोयता खाली ठेवला. "मग आपला ताबूत काय खिळ्यावर हाय? सुतळीवर उभा राहतो." चित्र जवळ घेऊन त्यांनी बराच वेळ बघितलं. "म्हणजे आपल्यातलेच लोक हायेत हे," ते म्हणाले. त्यानंतर त्या पानाला कातर लागली नाही; अब्बांनी ते खळ लावून कामाच्या खोलीत भिंतीवर डकवलं.

गणपती जवळ आले तेव्हा अण्णा आमच्याकडे चहाला आले. शेजारच्या गल्लीतलं मंडळ यंदा समुद्रमंथन करणार होतं, हलता साप, खालून मोटर. अण्णा हैराण होते. "उस्मानभाई, काहीतरी असं द्या की लोक तिकडं जातील आन आपल्याकडं परत येतील." अब्बा म्हणाले, "कैलास करू. न्हाईतर राजमहाल." मी मध्ये पडलो. मॉस्कोच्या त्या रंगीत चर्चचं चित्र मी रात्रंदिवस काढत होतो, मोठ्या कागदावर, पोस्टर कलरमध्ये. एका घुमटावर लाल-पांढरे पीळ, एकावर हिरव्या-पिवळ्या पट्ट्या, एकावर अननसासारखे खवले. तो कागद मी अण्णांपुढे उलगडला. अण्णा चहा विसरले. "आयला! हे मिठाईचं दुकान हाय का देऊळ?" मी म्हणालो, "रशियाचं आहे. जगात असं दुसरं नाही." "रशिया आपला दोस्त," अण्णा म्हणाले. अब्बा म्हणाले, "हाय का आता रशिया? मोडला म्हंत्यात." "नाव बदललंय, अब्बा. छप्पर तेच आहे," मी म्हणालो. स्वतःचं हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की अजून पाठ आहे.

अण्णांची अट एकच होती. "ते वरचे क्रॉस मात्र नको, बाबा. आपले लोक बोलतील, आन चर्चवाले बी बोलतील, आमचा क्रॉस गणपतीवर का लावला म्हनून. दोन्हीकडनं मार." क्रॉस निघाले. अण्णा गेल्यावर अब्बा कागद बघत बसले होते. "मग वर काय?" "काही नाही," मी म्हणालो. "नुसतं टोक." अब्बा म्हणाले, "कळस बसव. पत्र्याचा हाय आपल्याकडं, बेगड लावला की झालं. खालचं सगळं लोक मागनं बघत्यात. आधी वर काय हाय ते बघत्यात." मी म्हणालो की रशियात कळस नसतो, कळस लावला तर ते रशियाचं राहणार नाही, सगळं बाटेल. बाटेल हाच शब्द मी वापरला. अब्बांनी माझ्याकडे बघितलं, आणि पोरगं शिकलंय म्हणून की काय, कळसाचा विषय सोडून दिला. दुसरा वाद रंगाचा. पीळ आणि खवले लहान घुमटांवर घ्यायचे, मोठ्या घुमटांना आधी हिरवा हात मारायचा आणि वाळल्यावर वर पिवळ्या पट्ट्या, असं मी ठरवलं होतं. अब्बा म्हणाले, पिवळा आधी मार, हिरव्या पट्ट्या मागनं काढ, रंग तेवढाच लागतो. मी म्हणालो, पिवळ्यावर हिरवा फाटतो. खरं तर फाटत नाही. आता दुकानात इतकी वर्षं रंगांतच काढल्यावर सांगतो, काही फाटलं नसतं.

सांगाडा अब्बांनी बांधला. कामटी ओली करून, गुडघ्यावर वाकवून, ज्योतीच्या आकाराला आणायची आणि त्या ताणातच तिला सुतळी मारायची. जरा जास्त वाकली की तुटते, कमी वाकली की घुमटाचा भोपळा होतो. असले घुमट त्यांनी पूर्वी कधी बांधले नव्हते. त्यांच्या बोटांत बांबूच्या बारीक फासा रुतायच्या, पण काम करताना ते गुणगुणायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "रशिया हाय हा. खिळा न्हाई याला." रस्त्यावर मांडव घालून आम्ही घुमट चढवले. हिरवा हात मी मारला, एकट्यानं, एका दिवसात, सगळ्या मोठ्या घुमटांना. तो ऑइलचा रंग होता. संध्याकाळी भुरभुर लागली, हवा दमट झाली आणि रंग काही वाळेना. पिवळं उद्या करू म्हणून वर ताडपत्री ओढली आणि घरी आलो. अम्मीनं खिचडी केली होती. माझे हात कोपरापर्यंत हिरवे, म्हणून तिनंच मला घास भरवले, आणि अब्बा म्हणाले, "रशियाचा राजा जेवतोय."

सकाळी पोचलो तेव्हा वाऱ्यानं ताडपत्री एका बाजूनं सुटून लोंबत होती आणि खाली माणसं जमलेली होती. पहिली बोलली ती कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी. "अगं बाई, कांदेच कांदे! भाव पडला म्हनून मंडळानं इकत घेतले का काय?" सगळे हसले. अब्बाही हसले, मीही. मग सायकलला दुधाचे कॅन लावलेला एकजण पाय टेकून म्हणाला, "कांदा कुठला, मावशे? वर बघ की. कळस न्हाई, झेंडा न्हाई. आन रंग बघ." सगळ्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. रात्रीच्या पाण्यानं मांजरपाट ढिला होऊन कांद्याची बारीक मान भरून आली होती, टोकं नुसती वर आलेली, आणि सगळं हिरवं, ओलं, चकाकतं. मी बघितलं ते रशिया नव्हतं. ते काय दिसत होतं ते गावातल्या लहान पोरालाही सांगता आलं असतं.

"गणपती मशिदीत बसवायचा का यंदा?" कुणीतरी मागून म्हणालं. त्यावर कुणी हसलं नाही.

अण्णा स्कूटरवरून आले, सदरा खोचत. "थांबा, थांबा, काम चाललंय आजून." "आन्ना, तुमाला हे दाखवलं हुतं का आधी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. अण्णांनी एकदा वर आणि एकदा गर्दीकडे बघितलं. "चित्र दाखवलं हुतं. चित्रात येगळं हुतं." ते खोटं बोलले नाहीत. दूधवाला अब्बांना म्हणाला, "उस्मानभाई, इतक्या वर्सांचं मानूस तुमी. तुमाला आमी कधी परकं मानलं का? मग हे काय मनात आलं तुमच्या?" आवाज चढवून कुणी बोलत नव्हतं, चढवला असता तर बरं झालं असतं. अब्बा म्हणाले, "मनात काय न्हाई, भाऊ. रशियाचं देऊळ हाय ते." "देऊळ का चर्च?" "ठरवलं कुनी हे? काढलं कुनी?" हा प्रश्न नेमका कुणी विचारला ते मला आठवत नाही. सगळ्यांचे डोळे आधी अब्बांकडे गेले आणि मग माझ्याकडे. गर्दीच्या कडेला साळवे सर सायकल धरून उभे होते.

मी म्हणालो, "अब्बांनी ठरवलं. मी नको म्हणत होतो."

माझे हात कोपरापर्यंत हिरवे होते. अब्बांच्या हातांवर फक्त सुतळीचे वळ होते. ते सगळ्यांना दिसत होतं, भाजीवालीला, दूधवाल्याला, अण्णांना, सरांना. तरी माझं वाक्य सगळ्यांनी मानून घेतलं, कारण ते त्यांना सोयीचं होतं. पोरावर चिडून काय करणार. अब्बांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते गर्दीला म्हणाले, "व्हय. पोराला काय कळतंय. माजं चुकलं."

भीतीनं बोललो असं मी पुढे स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. पोरगा होतो, माणसं जमली होती, जीभ वळली. माफ करण्यासारखं कारण आहे ते. पण भीती अर्धीच होती. बाकीचं सांगतो. त्या ओल्या, बेढब, हिरव्या ढिगाकडे बघून मला त्याची लाज वाटली होती. सर तिथे उभे होते, आणि हे माझं काम आहे असं सरांना वाटू नये, हे माझ्या मनात होतं. कारागिराचा हात जमला नाही, चित्रकाराचं चित्र बरोबर होतं, असं त्यांनी समजावं. बाप वाचेल की बुडेल, हा विचार माझ्या मनात नव्हताच. मला माझं चित्र वाचवायचं होतं.

अब्बांनी मंडळाच्या पोरांना हात लावू दिला नाही. कोयता घेऊन ते स्वतः शिडीवर चढले आणि सुतळ्या कापत गेले. ताणातली कामटी सुटली की सप्पकन आवाज होतो आणि ती सरळ होऊन थरथरत राहते. एकेक घुमट असा सरळ होत गेला. खाली लोक पांगले. बघण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. अण्णा हळूच म्हणाले, "उस्मानभाई, कैलास म्हनत हुता ना तुमी? तेच करू." मग दोन दिवस अब्बांनी आणि मी हिमालय केला. पांढरा मांजरपाट, त्यावर खळ, खळीवर पिंजलेला कापूस, मध्ये गुहा. त्या दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. सुतळी दे. धर. सोड. कमानीवरचं नाव मी आधीच रंगवून ठेवलं होतं. अण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "यंदा नाव राहू दे, बाळा. लोकांच्या डोळ्यावर नको. पुढच्या वर्षी लिहू." मी पांढरा डिस्टेंपर घेतला आणि अब्बांच्या देखत त्यांच्या नावावर हात मारला. एकात झाकलं नाही, म्हणून वाळल्यावर दुसरा मारला.

पडद्याची दोरी त्या वर्षी अण्णांनी ओढली. अब्बा घरी होते. एक जुनी कमान दुरुस्त करायची होती म्हणाले. अम्मी रॉकेलच्या बोळ्यानं माझे हात चोळत होती. "पेठेत लोक म्हणतात, तुझ्या अब्बांनी हिरवा मारला," ती म्हणाली. तिचा हात थांबला. मग तिनं पुन्हा चोळायला सुरुवात केली, कातडी लाल होईपर्यंत. मंडळातून खिरापत आली, नेहमीच्या पितळी डब्यात. अब्बांनी खाल्ली आणि म्हणाले, "खोबरं ताजं हाय."

पुढच्या वर्षी मंडळानं पुण्याहून फायबरचं तयार मंदिर भाड्यानं आणलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. अण्णा भेटले की अब्बांना चहा पाजायचे, आणि देखाव्याचा विषय दोघेही काढायचे नाहीत. अब्बा ताबूत करत राहिले, पण रशियन कागदाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. साध्या पतंगी कागदाची फुलं लावायचे, जी पावसात लगेच माना टाकतात. भिंतीवरचं बिनखिळ्याचं चर्च एक दिवस तिथे नव्हतं, खळीचा तेवढा चौकोन उरला होता. सरांनी डिप्लोम्याचा फॉर्म आणून दिला. ते म्हणाले, "कागदावर चांगलं काढलं होतंस." मग सायकलवर टांग टाकण्याआधी माझ्या हातांकडे बघून गेले. मी नगरला गेलो नाही. प्रायश्चित्त म्हणून वगैरे नव्हे. अब्बांनी तर जा म्हणून सांगितलं होतं. पेन्सिल धरली की हात उठत नव्हता. पाट्या रंगवल्या, मग फ्लेक्स आले, मग यंत्र घेतलं. आता बटण दाबलं की देश बाहेर पडतो.

अजून गणपतीच्या आधी मंडळाची पोरं दुकानात येतात. ज्यांच्या बापांनी ते घुमट बघितले होते, त्यातली काही. मोबाईल पुढे करतात. "काका, मागच्या पडद्याला कायतरी फॉरेन द्या, भारी." मागच्याच वर्षी एकानं तेच चर्च दाखवलं, तेच पीळ, तेच खवले, रंग तर माझ्या पोस्टर कलरहून झगझगीत. मी काही बोलायच्या आत त्याचा मित्र म्हणाला, "नको बे, घुमट दिसत्यात. लोक काय म्हंतील? केदारनाथ घे." मी केदारनाथ छापून दिला. दर वर्षी मी गावाला बर्फ छापून देतो.

अम्मी गेल्यावर अब्बा दिवसभर दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायचे. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरायचे. एका दुपारी पोरं टेम्पोत पडदा चढवत होती आणि गुंडाळी अर्धी उलगडली. अब्बांनी विचारलं, "कुठलं हे?" "केदारनाथ." "बर्फ हाय," ते म्हणाले. टेम्पो गेला. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसलो, आणि जे वाक्य इतकी वर्षं तोंडात धरून होतो ते सुरू केलं. "अब्बा, त्या वर्षी आपण रशियाचं केलं होतं…"

त्यांनी टेम्पो गेला त्या बाजूला बघितलं. मग म्हणाले, "रशियाचं कधी केलं आपण?"

"केलं होतं, अब्बा. घुमट. तुम्ही बांधले होते. मी त्यांना…"

"हिमालय केल्ता," ते म्हणाले. "तेवढा आठवतो." त्यांची नजर माझ्या हातांवर आली आणि तिथेच थांबली. "बर्फ चांगला झाल्ता. न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो. "लई चांगला झाल्ता."